ढगांआडचे पीक पाहणारे रडार : पोलारिमेट्रिक तंत्र समजून घेताना

जुलै आणि ऑगस्ट हे खरीप पिकांच्या वाढीचे महिने. नेमक्या याच काळात आभाळ भरलेले असते आणि उपग्रहावरील कॅमेऱ्याला शेताऐवजी ढगांची पाठ दिसते. त्यामुळे पिकाची हिरवाई दाखवणारे एनडीव्हीआय नकाशे खरिपात अनेकदा तीन-तीन आठवडे मिळत नाहीत. ही पोकळी भरून काढण्यासाठी रडार उपग्रहांचा वापर वाढला आहे. भाताखालील क्षेत्र, पुराचे पाणी, पीक विम्यासाठी उत्पादनाचा अंदाज अशा कामांत आता रडारची माहिती वापरली जाते. म्हणजेच आपल्या शेताविषयीचा एखादा निर्णय अशा प्रतिमेवर अवलंबून असू शकतो. म्हणून रडारला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते या दोघांनाही माहीत असणे गरजेचे आहे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैअखेर एका गावात शिवारफेरी सुरू होती. एका खासगी सेवेचा रडार नकाशा मोबाइलवर होता. त्यात सखल भागातील कापसाचे काही तुकडे गडद हिरव्या रंगात, 'उत्तम वाढ' या गटात दाखवले होते. बांधावर उभे असलेले शेतकरी नकाशा पाहून म्हणाले, ''साहेब, तिथं तर चार दिवसांपासून सऱ्यांत पाणी उभं आहे. पीक पिवळं पडलंय.'' प्रत्यक्ष पाहिले तर त्यांचेच खरे होते. नंतर मूळ माहिती उघडून पाहिली. उभ्या दिशेने सोडलेली आणि उभ्याच दिशेने परत आलेली लहर त्या तुकड्यांत वाढली होती. उभी सोडून आडवी परत आलेली लहर मात्र जवळपास पूर्वीइतकीच होती. वाढलेला संकेत पाण्याचा आणि ओल्या मातीचा होता, पानांचा नव्हता. दोन्ही दिशा वेगळ्या वाचल्या असत्या, तर ही चूक टळली असती. पोलारिमेट्रिक तंत्राचे महत्त्व नेमके इथेच आहे.

कॅमेरा आणि रडार यांतील फरक

सेंटिनल-२ सारख्या उपग्रहावरील कॅमेरा पिकावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश टिपतो. त्याला रंग कळतो. हरितद्रव्य कमी झाले, पान पिवळे पडले, तर तो बदल त्यात दिसतो. मात्र त्याला ऊन लागते आणि मोकळे आकाश लागते.

रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडते आणि जमिनीवरून परत आलेला भाग मोजते. त्यामुळे रात्र असो वा दाट ढग, त्याचे काम थांबत नाही. उपग्रह पुढे सरकत असताना अनेक ठिकाणांहून मिळालेले संकेत संगणकात एकत्र केले जातात. त्यामुळे लहान अँटेनाही काही किलोमीटर लांबीच्या अँटेनासारखी काम करते आणि बारीक तपशील मिळतो. याला सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार, थोडक्यात एसएआर म्हणतात.

रडारला रंग दिसत नाही. त्याला प्रामुख्याने तीन गोष्टी जाणवतात:

- पाणी : कोरड्या मातीचा विद्युत गुणांक साधारण ३ ते ५ असतो, तर पाण्याचा सुमारे ८०. त्यामुळे माती किंवा पान ओले असले की परतीचा संकेत वाढतो.
- खडबडीतपणा : गुळगुळीत पृष्ठभाग लहर दुसरीकडे वळवतो आणि प्रतिमेत काळा दिसतो. ढेकळे, सऱ्या, खडबडीत जमीन यांवरून लहरीचा काही भाग उपग्रहाकडे परततो.
- रचना : खोड, पान, लोंबी यांचा आकार, उंची, दाटी आणि दिशा.

ध्रुवीकरण म्हणजे काय?

खुंट्याला बांधलेल्या दाव्याचे मोकळे टोक हातात धरून वर-खाली हलवले, तर दाव्यातून उभी लहर जाते. तेच टोक डावीकडे-उजवीकडे हलवले, तर आडवी लहर जाते. रडारच्या लहरीचे कंपनही असे ठरावीक दिशेत असते. या दिशेला ध्रुवीकरण म्हणतात. आडव्या दिशेसाठी एच आणि उभ्या दिशेसाठी व्ही ही अक्षरे वापरतात.

लहर कोणत्या दिशेने सोडली आणि कोणत्या दिशेने परत घेतली, यावरून चार जोड्या होतात:

- एचएच : आडवी सोडली, आडवी घेतली.
- व्हीव्ही : उभी सोडली, उभी घेतली.
- एचव्ही आणि व्हीएच : एका दिशेने सोडली, दुसऱ्या दिशेने घेतली. यांना क्रॉस ध्रुवीकरण म्हणतात. पिकांसाठी या दोन्हींत साधारण सारखीच माहिती असते.

लहर पिकात शिरून परत येताना तिची दिशा किती बदलली, हे मोजले की ती कोणत्या वाटेने परतली याचा अंदाज येतो. पोलारिमेट्री म्हणजे हीच मोजणी.

लहर परतण्याच्या तीन वाटा

१. पृष्ठभागावरून एकदा उसळून : नांगरलेली मोकळी जमीन किंवा नुकतीच पेरणी झालेले शेत. इथे व्हीव्ही किंवा एचएच संकेत मिळतो, क्रॉस संकेत फार कमी असतो. पाणी स्थिर आणि उघडे असेल, तर सगळेच संकेत क्षीण होतात.

२. दोनदा उसळून : लहर आधी पाण्यावर किंवा जमिनीवर आपटते, मग उभ्या खोडावर आपटून उपग्रहाकडे परतते. घराची भिंत आणि अंगण यांच्या कोपऱ्यावर चेंडू मारला तर तो जसा मारणाऱ्याकडेच येतो, तसा हा प्रकार आहे. पाण्यात उभे भात हे याचे नेहमीचे उदाहरण. अशा वेळी एचएच आणि व्हीव्ही लहरींच्या कलेत, म्हणजे त्यांच्या चढ-उताराच्या वेळेत, सुमारे १८० अंशांचा फरक पडतो. एकदाच उसळलेल्या लहरींत हा फरक शून्याजवळ असतो.

३. पर्णसंभारात अनेकदा विखुरून : दाट पिकात लहर पान, फांदी, शेंग यांवर आपटत राहते. तिची मूळ दिशा विस्कटते आणि क्रॉस संकेत वाढतो. म्हणून व्हीएच किंवा एचव्ही वाढणे हे साधारणपणे जैवभार वाढल्याचे लक्षण मानतात.

एकूण संकेतात या तिन्ही वाटांचा वाटा किती, हे गणिताने वेगळे काढता येते. फ्रीमन आणि डर्डन यांनी १९९८ मध्ये मांडलेली तीन घटकांची पद्धत यासाठी अजूनही वापरली जाते. त्याआधी १९९७ मध्ये क्लाउड आणि पॉटिए यांनी एन्ट्रॉपी ही कल्पना वापरात आणली. एन्ट्रॉपी ० जवळ असेल तर लहर एकाच वाटेने परतली. १ जवळ असेल तर सगळे विखुरलेले, म्हणजे दाट आणि अव्यवस्थित रचना. मोकळ्या जमिनीपासून पीक दाट होईपर्यंत एन्ट्रॉपी साधारण वाढत जाते.

कोणत्या उपग्रहाकडे कोणती माहिती?

चारही जोड्या त्यांच्या कलेसह मोजणाऱ्या पद्धतीला पूर्ण पोलारिमेट्री म्हणतात. १९९४ मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानावरील सिर-सी मोहिमेत आणि २००७ मध्ये सोडलेल्या कॅनडाच्या रडारसॅट-२ उपग्रहावर ही सोय होती. मात्र यात आडवी आणि उभी लहर आळीपाळीने सोडावी लागते. त्यामुळे एका फेरीत टिपल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी कमी होते आणि माहितीचा साठा वाढतो. जिल्ह्याच्या जिल्ह्यांवर नियमित नजर ठेवायची असेल, तर हे परवडत नाही.

त्यामुळे दोन मधले मार्ग वापरात आले.

दुहेरी ध्रुवीकरण : युरोपचा सेंटिनल-१ उपग्रह जमिनीवर प्रामुख्याने व्हीव्ही आणि व्हीएच या दोन जोड्या मोजतो. सेंटिनल-१ए एप्रिल २०१४ मध्ये, तर १बी एप्रिल २०१६ मध्ये सोडण्यात आला. १बी डिसेंबर २०२१ मध्ये बिघडला. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये १सी सोडण्यात आला. एका फेरीत सुमारे २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपला जातो आणि एकच उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी येतो. ही माहिती सर्वांना मोफत मिळते.

संमिश्र ध्रुवीकरण : भारताचा रिसॅट-१ हा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यात स्क्रूच्या आट्यांप्रमाणे गोल फिरणारी लहर सोडून ती आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांनी परत घेण्याची सोय होती. पृथ्वीच्या निरीक्षणासाठी उपग्रहावरून अशी पद्धत वापरण्याचा हा पहिला प्रयोग होता. एकाच प्रकारची लहर सोडल्याने पट्टा रुंद राहतो आणि तरीही तिन्ही वाटांचा बराच उलगडा होतो. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला ईओएस-०४ हा याच मालिकेतील पुढचा उपग्रह आहे.

इस्रो आणि नासा यांचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सोडण्यात आला. त्यावर दोन वेगवेगळ्या तरंगलांबीची रडार आहेत. शेतीसाठी हे महत्त्वाचे का, ते पुढे पाहू.

तरंगलांबी आणि पीक

लहर आपल्या लांबीच्या तुलनेत खूप लहान असलेल्या वस्तूंना फारशी अडत नाही, त्यांच्यातून पुढे जाते. म्हणून कोणत्या पिकाला कोणते रडार योग्य, हे तरंगलांबीवर ठरते.

- एक्स-बँड, सुमारे ३ सेंमी : वरच्या पानांवरूनच परतते. नुकतीच उगवण झालेल्या पिकासाठी उपयुक्त.
- सी-बँड, सुमारे ५.६ सेंमी : सेंटिनल-१, रिसॅट-१ आणि ईओएस-०४ याच बँडमधील. भात, सोयाबीन, गहू, कापूस यांच्या सुरुवातीच्या व मधल्या वाढीसाठी चांगले. पर्णसंभार दाट झाल्यावर जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाही.
- एस-बँड, सुमारे ९ सेंमी : निसारवरील इस्रोचे रडार. मध्यम दाटीच्या पिकांत सी-बँडपेक्षा खोल जाते.
- एल-बँड, सुमारे २४ सेंमी : निसारवरील नासाचे रडार. ऊस, फळबागा, जंगल यांत आतपर्यंत जाते आणि पिकाखालील ओलावा किंवा साचलेले पाणीही दाखवू शकते.

पिकानुसार रडारला काय दिसते?

भात : रडारला सर्वांत चांगले ओळखता येणारे पीक. चिखलणी करून पाणी भरले की खाचर आरशासारखे होते आणि प्रतिमेत काळे दिसते. व्हीएच संकेत बहुधा उणे २० डेसिबलच्याही खाली असतो. रोवणीनंतर फुटवे येऊ लागले की संकेत झपाट्याने चढतो आणि पोटरी ते निसवणीच्या सुमारास उणे १५ डेसिबलच्या आसपास जातो. दर ३ डेसिबलला संकेत जवळपास दुप्पट होतो, हे लक्षात घेतले तर ही वाढ किती मोठी आहे ते कळेल. 'आधी खोल खड्डा, मग सरळ चढ' असा आलेख इतर कोणत्याही खरीप पिकाचा नसतो. भाताची ताटे उभी असल्याने उभी लहर त्यात जास्त अडते, आडवी तुलनेने कमी. म्हणून एचएच आणि व्हीव्ही यांच्या गुणोत्तरावरूनही भात ओळखता येते. देशपातळीवरील फसल कार्यक्रमात खरीप भाताच्या क्षेत्राचा अंदाज रडार प्रतिमांवरून काढला जातो, तो याच आधारावर. दिल्लीतील महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र हे काम पाहते.

पूर्व विदर्भातील आवत्या पद्धतीच्या भाताबाबत मात्र काळजी घ्यावी. कोरड्यात बी फेकून पेरलेल्या बांधीत सुरुवातीला पाणी उभे नसते. त्यामुळे आलेखातील खड्डा दिसत नाही आणि असे क्षेत्र भातातून वगळले जाण्याची शक्यता राहते.

सोयाबीन : पेरणीनंतरचे तीन आठवडे संकेत मुख्यतः मातीचा असतो. ओळी मिटल्या की व्हीएच वाढतो, शेंगा भरेपर्यंत टिकतो आणि पानगळ सुरू झाली की उतरतो. काढणीनंतर पुन्हा मोकळ्या जमिनीचा संकेत मिळतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल, तर काढणीनंतरही व्हीएच पूर्ण खाली येत नाही. हे माहीत नसेल तर 'काढणी झालीच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कापूस : सरी-वरंब्यामुळे सुरुवातीला ओळींच्या दिशेचा व्हीव्ही संकेतावर परिणाम होतो. शेजारच्या दोन शेतांत पीक सारखे असूनही एकाच्या ओळी पूर्व-पश्चिम आणि दुसऱ्याच्या दक्षिण-उत्तर असतील, तर व्हीव्ही वेगळा येऊ शकतो. व्हीएचवर हा परिणाम कमी असतो. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते आणि कापूस पुढे उभा राहतो, या वेळेच्या फरकावरून दोन्ही पिके वेगळी करता येतात.

ऊस : ऊस दाट झाला की सी-बँडचा व्हीएच एका पातळीवर थांबतो. त्यानंतर ऊस आणखी वाढला तरी आकडा वाढत नाही. त्यामुळे उभ्या उसाच्या टनेजचा अंदाज फक्त सी-बँडवरून करणे धोक्याचे आहे. तोडणी झाली की संकेतात होणारा बदल मात्र स्पष्ट असतो. ऊस किंवा गहू लोळला, तर ताटांची दिशा बदलते आणि निरनिराळ्या ध्रुवीकरणांतील परस्परसंबंधही बदलतो. लोळण्याचे क्षेत्र शोधण्यासाठी पूर्ण पोलारिमेट्रीचा वापर याच तत्त्वावर होतो.

रडार वनस्पती निर्देशांक

एनडीव्हीआयसारखा एकच आकडा हाती असला की काम सोपे होते. रडारसाठीही असे निर्देशांक आहेत. दुहेरी ध्रुवीकरणासाठी नेहमी वापरले जाणारे सूत्र असे:

आरव्हीआय = ४ × व्हीएच ÷ (व्हीव्ही + व्हीएच)

उदाहरणादाखल, एका शेतात व्हीव्ही उणे १० डेसिबल आणि व्हीएच उणे २० डेसिबल आहे. डेसिबलचे साध्या आकड्यांत रूपांतर केल्यावर हे अनुक्रमे ०.१ आणि ०.०१ होतात. आरव्हीआय येतो ०.०४ ÷ ०.११, म्हणजे ०.३६. महिन्याने व्हीव्ही तेवढाच राहून व्हीएच उणे १७ डेसिबल, म्हणजे ०.०२ झाला, तर आरव्हीआय ०.०८ ÷ ०.१२, म्हणजे ०.६७ होतो. पर्णसंभार वाढल्याचा हा संकेत आहे.

हे गणित करताना दोन चुका नेहमी होतात:

- डेसिबलमधील आकडे थेट सूत्रात टाकले जातात. आधी त्यांचे साध्या आकड्यांत रूपांतर करावे.
- पाणी भरलेल्या खाचरावर आरव्हीआय काढला जातो. पाण्यावर दोन्ही संकेत इतके क्षीण असतात, की व्हीएचमध्ये यंत्राचा स्वतःचा गोंगाटच जास्त असतो. तिथे निर्देशांक खोटा मोठा येऊ शकतो.

आरव्हीआयमध्ये फक्त संकेताची तीव्रता वापरली जाते, कलेची माहिती वाया जाते. ही उणीव दूर करणारा डीपीआरव्हीआय हा निर्देशांक मुंबईच्या आयआयटीतील सूक्ष्मलहरी सुदूर संवेदन प्रयोगशाळेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये प्रसिद्ध केला. परत आलेली लहर किती शिस्तीत आहे आणि किती विस्कटलेली, हे त्यात मोजले जाते. मोकळ्या जमिनीवर त्याची किंमत ० कडे, तर दाट पिकात १ कडे झुकते. सेंटिनल-१ च्या माहितीवर तो काढता येतो आणि कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील कॅनोला, सोयाबीन आणि गहू या पिकांवर तो तपासला गेला आहे. मात्र त्यासाठी कलेसह असलेली मूळ प्रतिमा लागते. गुगल अर्थ इंजिनवर सेंटिनल-१ चा जो नेहमीचा संग्रह आहे, त्यात फक्त तीव्रता असते.

रडार कुठे फसते?

पिवळेपणा दिसत नाही. पिवळा मोझॅक, लोहाची कमतरता, रसशोषक किडी यांच्या सुरुवातीच्या अवस्थेत पानांचा रंग बदलतो, रचना नाही. पाने गळू लागेपर्यंत रडारला पीक ठीकच वाटते.

मूळकूज लगेच कळत नाही. दाट सोयाबीनखाली पाणी साचून मुळे कुजली, तरी पाने काही दिवस उभी असतात. सी-बँड लहर दाट पानांतून पाण्यापर्यंत पोहोचत नाही. नुकसान झालेले असते, पण प्रतिमेत ते नसते.

पूर आणि चिखलणी सारखीच दिसते. दोन्ही ठिकाणी उघडे स्थिर पाणी. जुलैमध्ये भातपट्ट्यात पुराचा नकाशा करताना त्याआधीच्या फेरीतील प्रतिमा आणि रोवणीच्या तारखा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पाण्यात उभे पीक उजळ दिसते. उघडे पाणी काळे दिसते, पण पाण्यातून वर आलेली ताटे दुहेरी उसळीमुळे संकेत वाढवतात. पूरग्रस्त पीक 'निरोगी' गटात जाण्याचे हे मोठे कारण आहे.

पाऊस आणि दव. सेंटिनल-१ आपल्या भागावरून सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. त्याआधी सर आली असेल किंवा पानांवर दव असेल, तर संकेत वाढतो. म्हणून एकाच प्रतिमेवरून निर्णय घेऊ नये आणि सकाळची प्रतिमा संध्याकाळच्या प्रतिमेशी थेट ताडून पाहू नये.

डोंगर. सह्याद्रीच्या उतारावर उपग्रहाकडे तोंड असलेली बाजू प्रतिमेत दबून उजळ होते आणि मागची बाजू सावलीत जाते. घाटमाथ्यावरील आणि कोकणातील लहान खाचरांसाठी ही मर्यादा मोठी आहे.

लहान शेत. सेंटिनल-१ च्या तयार प्रतिमेतील एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक गुंठा, एक चौकोन. पण रडार प्रतिमेत दाणेदार गोंगाट असतो, त्यामुळे एकट्या चौकोनाच्या आकड्याला अर्थ नसतो; शेजारच्या अनेक चौकोनांची सरासरी घ्यावी लागते. शिवाय बांधावरची झाडे, शेजारचे पीक, विजेचे खांब, पत्र्याचे शेड यांचा संकेत कडेच्या चौकोनांत मिसळतो. एक एकर शेतात ४० चौकोन असले, तरी भरवशाचे त्याहून बरेच कमी उरतात. दहा गुंठ्यांच्या तुकड्याविषयी रडारने ठाम काही सांगितले, तर त्यावर शंका घेणेच योग्य.

पीक विम्याशी संबंध

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत येस-टेक ही तंत्रज्ञानाधारित उत्पादन अंदाज पद्धत खरीप २०२३ पासून भात आणि गहू या पिकांसाठी सुरू झाली. खरीप २०२४ पासून त्यात सोयाबीनचा समावेश करण्यात आला. यात उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानावरील अंदाजाला किमान ३० टक्के भार दिला जातो; उरलेला भार पीक कापणी प्रयोगाचा. हे अंदाज विमा क्षेत्र घटकासाठी, म्हणजे गाव किंवा मंडळ पातळीसाठी असतात, एकेका शेतासाठी नव्हे. कोणत्या हंगामात कोणती जोखीम लागू आहे आणि नुकसानीची सूचना किती मुदतीत द्यायची, हे त्या हंगामाच्या शासन निर्णयात पाहावे.

संगणकाला पीक ओळखायला शिकवण्यासाठी जमिनीवरची खरी माहिती लागते. या ठिकाणी सोयाबीन आहे, पेरणी अमुक तारखेला झाली, आंतरपीक तूर आहे, अशा नोंदी जितक्या अचूक, तितका नकाशा विश्वासार्ह. बांधावर न जाता भरलेली एक चुकीची नोंद फक्त एका शेतापुरती राहत नाही. तिच्यावरून शिकलेला संगणक शेजारच्या अनेक शेतांबाबत चुकतो, आणि ती चूक पुढे मंडळाच्या आकड्यात उतरते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- पेरणी, रोवणी, दुबार पेरणी आणि काढणीच्या तारखा लिहून ठेवाव्यात.
- ई-पीक पाहणीत मुख्य पिकासोबत आंतरपिकाचीही नोंद करावी. छायाचित्र बांधावरून न काढता शेतात १० ते १५ मीटर आत जाऊन, मोबाइलचे स्थान सुरू ठेवून काढावे.
- पाणी साचल्यास पहिल्या दिवशी, पाणी ओसरल्यावर आणि आठ दिवसांनी, अशी तीन वेळा एकाच जागेवरून छायाचित्रे घ्यावीत. नुकसान प्रतिमेत उशिरा दिसत असल्याने या नोंदी महत्त्वाच्या ठरतात.
- मोबाइलवरील नकाशात शेत हिरवे दिसले म्हणून फेरी चुकवू नये. खत, फवारणी किंवा निचऱ्याचा निर्णय शेत पाहूनच घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय तपासावे?

- नकाशा रडारचा आहे की कॅमेऱ्याचा? रडारचा असल्यास कोणते बँड आणि कोणती ध्रुवीकरणे वापरली आहेत?
- व्हीव्ही आणि व्हीएच वेगळे पाहावेत. दोन्ही वाढले तर पीक वाढले असण्याची शक्यता जास्त. फक्त व्हीव्ही वाढला तर आधी पाऊस, सिंचन किंवा साचलेले पाणी तपासावे. व्हीएच अचानक उतरला तर काढणी, पानगळ किंवा पीक बुडाल्याची शक्यता पाहावी.
- प्रतिमेच्या दिवशीची आणि आदल्या दिवशीची पावसाची नोंद सोबत ठेवावी.
- एकाच मार्गावरील, एकाच वेळेच्या किमान तीन-चार प्रतिमांचा आलेख करावा.
- आभाळ उघडताच कॅमेऱ्याच्या प्रतिमेशी ताडून पाहावे. रचना रडारकडून आणि रंग कॅमेऱ्याकडून, असे दोन्ही एकत्र वाचले की चुका कमी होतात.
- स्वतः शिकण्यासाठी सेंटिनल-१ ची माहिती कोपर्निकसच्या संकेतस्थळावर आणि भारतीय उपग्रहांची माहिती हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावर पाहता येते. स्नॅप हे सॉफ्टवेअर मोफत आहे. स्वतः नीट ओळखत असलेल्या दोन-तीन मोठ्या शेतांपासून सुरुवात करावी.

कापसाच्या त्या तुकड्यांचा नकाशा नंतर दुरुस्त झाला, कारण बांधावरच्या माणसाने पाणी उभे असल्याचे वेळेवर सांगितले आणि ते दोन्ही ध्रुवीकरणांशी ताडून पाहिले गेले. येत्या खरिपात आपल्या गावाचा रडार नकाशा हाती आला, तर आधी गावातील सखल आणि पाणथळ तुकड्यांवर त्यात काय दाखवले आहे ते पाहावे. नकाशाची परीक्षा तिथेच होते.